डिझेल पिणारं भूत

घाटाच्या अगदी डोक्यावर कातळमाळ नावाचं गाव होतं. गावात जीप एकच होती, दस्तगीरची. आणि ती दुरुस्त करणारा मिस्त्रीही एकच होता, सोपान.

जीप इतकी जुनी होती की तिचा मूळ रंग कोणता, यावरून गावात दोन तट पडले होते. एके दिवशी तिच्या पेट्रोल इंजिनानं कायमचे डोळे मिटले. सोपाननं तालुक्याहून मोडीत निघालेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन आणलं आणि पंधरा दिवस खपून जीपमध्ये बसवलं. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा देवळातली घंटा आपोआप वाजली, घराघरांतल्या फडताळांवरून कपबशा खाली आल्या, आणि तीन वर्षं ठार बहिरे असलेले एक आजोबा "कोण ओरडतंय रे?" म्हणून बाहेर आले. गावानं सोपानला हार घातला. हार वाळून काडी झाला, तरी त्यानं तो गॅरेजच्या खिळ्यावरून काढला नाही.

इंजिन नवं आलं, टाकी मात्र जुनीच राहिली. टाकीत वरून एक नळी सोडलेली असते. शहाळ्यातून आपण पाणी ओढतो, तसं इंजिन त्या नळीनं डिझेल ओढतं. जुन्या टाकीच्या तळाशी गाळ होता. तो इंजिनात चढू नये म्हणून सोपाननं नळी खालून चार बोटं कापली. टाकी उतरवून धुण्याची कटकट वाचली. आपल्या हुशारीवर तो स्वतःच खूश झाला. जीप तेव्हा गॅरेजपुढच्या सपाट अंगणात उभी होती, आणि सपाट जागी सगळं ठीक चाललं.

घाटातली एक जागा मात्र सपाट म्हणजे काय हे विसरली होती. तिला उभं वळण म्हणत. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. दरी एवढी खोल, की सकाळी टाकलेला दगड तळाशी आपटल्याचा आवाज दुपारच्या जेवणाला ऐकू येई.

एका संध्याकाळी बाजाराहून परतताना जीप त्या वळणावर खोकली, थरथरली आणि बंद पडली. बंद पडून नुसती थांबली नाही, हातभर मागे सरकली. दस्तगीर दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. लोकांनी उड्या टाकून चाकांमागे दगड लावले. मग त्यानं नळीत शिरलेली हवा हातपंप मारमारून काढली, तेव्हा कुठं इंजिन सुरू झालं.

आठवड्यात तीनदा असं झालं. तिन्ही वेळा परत येताना, तिन्ही वेळा त्याच वळणावर.

दस्तगीर सोपानकडे आला. सोपाननं फिल्टर बघितला, पंप बघितला, सांधे बघितले. सगळं चोख होतं. 'मला कळत नाही' हे तीन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. तेवढ्यात त्याची नजर हाराकडे गेली.

"यंत्रात काही दोष नाही," तो म्हणाला. "दोष असेल तर जागेत असेल."

बस्स. एवढंच बोलला. पण त्या वाक्याला दुसऱ्या दिवशी हातपाय फुटले.

बनूआत्या गावातली सगळ्यांत थोरली. तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. ती म्हणाली, "तिथं फार पूर्वी एक ट्रक दरीत गेला होता. त्याचा ड्रायव्हर आहे तो. तेल तेल करत मेला, अजून तहानलेलाच आहे." कुणी म्हणालं, त्याला पाय नाहीत. कुणी म्हणालं, पाय आहेत पण चाकासारखे गोल आहेत. एकानं तर धुक्यात त्याला समोरासमोर पाहिलं. हातात भलंमोठं नरसाळं होतं म्हणे, आणि तो टाकीचं झाकण शोधत होता.

म्हादू भगतानं उपाय सांगितला: दर फेरीला वळणावर भुताला पाच लिटर डिझेल पाजायचं.

दस्तगीरनं कॅन नेला. पण चांगलं डिझेल मातीत ओतायला त्याचा हात होईना. त्यानं जीपच्याच टाकीत ओतलं आणि "घे बाबा, आमच्या पोटातून पी" म्हणाला. आणि जीप अशी सरसर चढली, की जणू वळण आडवं झालं!

गावानं सुटकेचा श्वास टाकला. सोपाननं ही हकिकत ऐकली, आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला.

टाकी भरली की जीप चालते. अर्ध्यावर आली की बंद पडते, आणि तीही चढावरच. चढावर सगळं डिझेल टाकीच्या मागच्या अंगाला जातं. पुढे लोंबणाऱ्या नळीचं तोंड कोरडं पडतं, आणि इंजिन डिझेलऐवजी वारा पितं. भूत बीत काही नव्हतं. ती कापलेली चार बोटं होती.

तो तसाच उठून दस्तगीरकडे गेला. "जीप दोन दिवस माझ्याकडे सोड."

"कशाला?"

"असंच. टाकी बघतो जरा."

"मिस्त्री, यंत्रात दोष नाही असं तूच म्हणालास ना? मग उगाच चालत्या गाडीला हात कशाला लावतोस? भूत खूश आहे. राहू दे."

आता खरं सांगायला हवं होतं. सोपानला गॅरेजमधला हार आठवला. उद्या सांगू, असं तो मनाशी म्हणाला.

तो उद्या काही उगवेना. सोपानची झोप उडाली. रोज संध्याकाळी तो गावाच्या वेशीवर जाऊन उभा राही. खालून इंजिनाचा आवाज येई, भुताला डिझेल पाजायला वळणाशी थांबे, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत सोपान बोटांवर आकडे मोजत राही. आवाज सुरू झाला की तो घरी जाई, आणि 'उद्या' म्हणे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुपारपासूनच घाटात धुकं उतरलं. म्हादू भगत पान खात गॅरेजशी येऊन बसला.

"सोपान्या, आज बघ गंमत. तो दस्तगीर इतके दिवस भुताला फसवत होता. डिझेल टाकीत ओतायचा! मी आज बजावून पाठवलंय. कॅन रस्त्यावरच ओतायचा, आडवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत."

सोपान ताडकन उठला. टाकीत थेंब पडणार नाही, म्हणजे जीप वळणावर बंद पडणार. आणि चाकांखाली डिझेलचा निसरडा पाट. ब्रेक चाक धरेल, पण चाक रस्ता धरणार नाही.

"किती जण गेलेत खाली?"

"बनूआत्या धरून अकरा. का रे? पांढराफटक का पडलास?"

सोपाननं डिझेलचा कॅन उचलला, खुंटीवरचं नरसाळं घेतलं आणि घाट उतरत धावत सुटला. धुकं इतकं दाट होतं की त्याला स्वतःची पावलं दिसत नव्हती. एका हातानं कातळ चाचपत तो पळत होता. दोनदा पडला. गुडघे फुटले. खालून इंजिनाचा आवाज आला, आणि वळणाशी थांबला.

"ओतू नका!" तो ओरडला. "ओतू नका!"

उशीर झाला होता. रस्ता ओला चकाकत होता. जीपमधल्या लोकांनी वर बघितलं, तर धुक्यातून कुणीतरी किंचाळत येत होतं. हातात नरसाळं होतं.

दस्तगीरचं भान हरपलं. त्यानं इंजिन सुरू करून गाडी पुढे रेटली. चाकं जागच्या जागी गरगर फिरली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि मेलं. जीप मागे घसरू लागली. दस्तगीर ब्रेकवर उभा राहिला, तरी ती घसरतच राहिली, हळूहळू, आवाज न करता. मग मागचं चाक कठड्याच्या दगडावर टेकलं. दगड हलला. जीप थांबली.

थांबली, पण तो दगड दाढेसारखा डुगडुगत होता.

"एकेक जण उतरा!" सोपान धुक्यातूनच म्हणाला. "कातळाच्या बाजूनं. सावकाश."

आत कुणी हललं नाही. सगळे एकमेकांना गच्च धरून बसले होते.

"उतरू नका रे," बनूआत्या कुजबुजली. "तो आपल्याला बाहेर बोलावतोय."

"आत्या, मी सोपान आहे!"

"सोपान्याचा आवाज काढतोयस? मेल्या, मी काय कालची आहे? तू सोपान असशील तर काहीतरी खूण सांग."

"तुझा डावा गुडघा दुखतो!"

"ते सगळ्या गावाला माहीत आहे. तुलाही असणार."

"दस्तगीर बायकोला चोरून तपकीर ओढतो!"

"अरे, ते त्याच्या बायकोलाही ठाऊक आहे!" आत्या कडाडली. "सोपान्याशिवाय कुणाला माहीत नाही, असं सांग!"

दगडाखालून खडे सुटले आणि दरीत गेले. सोपाननं आठवून बघितलं. पण कातळमाळसारख्या गावात कुणाचं काय लपून राहतं? त्याची भांडणं, त्याचं आजारपण, त्याच्या सासरच्यांची बोलणी, सगळं पाणवठ्यावर रोज धुतलं जात होतं. साऱ्या गावात एकच गोष्ट अशी होती की जी त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती.

दगड पुन्हा हलला.

"टाकीतली नळी मी आखूड कापलीय!" सोपान ओरडला. घशातून आवाज फाटून आला. "चार बोटं! गाळ चढू नये म्हणून! म्हणून गाडी चढावर बंद पडते. इथं भूत नाही, कधीच नव्हतं. मला कळलं होतं, तरी मी बोललो नाही. माझं नाव जाईल म्हणून बोललो नाही. आता तरी उतरा रे! पाया पडतो, उतरा!"

जीपमध्ये सगळ्यांनी बनूआत्याकडे बघितलं.

मग बनूआत्या म्हणाली, "हा सोपान्याच. भुताला एवढी लाज कुठून येणार?"

आणि ती कातळाच्या बाजूनं पाय खाली सोडून पहिली उतरली. तिच्यामागून एकेक जण उतरला. शेवटी दस्तगीर उतरला. सोपाननं मोठमोठे दगड ओढून चाकांमागे लावले. प्रत्येक दगड दोनदा निसटला. कुणी त्याला मदत केली नाही. कुणी शिवीही दिली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. अकरा माणसं धुक्यातून घाट चढून गावाकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जीप ओढून आणली. सोपाननं टाकी उतरवली, ती सगळ्यांसमोर अंगणात उलटी केली आणि चार पाण्यांनी धुऊन उन्हात वाळवली. नवी नळी पार तळापर्यंत नेली. गाळासाठी तिच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. तोंडाभोवती घरातली एक वाटी भोकं पाडून, कथील वितळवून जोडली, म्हणजे गाडी कितीही कलली तरी नळीपुरतं डिझेल वाटीत साठून राहावं. हे करताना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो काय चुकलं होतं ते सांगत होता. पहिल्या माणसाला सांगताना जीभ जड झाली. दहाव्याला सांगताना थोडी हलकी झाली.

मग टाकीत जेमतेम पाव डिझेल ठेवून जीप घाटात उतरवली. परत वर येताना सोपान दरीच्या बाजूला बसला. बनूआत्याही हट्टानं आली. उभं वळण आलं. इंजिन एका सुरात गुरगुरत राहिलं, आणि जीप वळण चढून वर आली.

वर येताच दस्तगीरनं गाडी बाजूला घेतली. तो उतरून कातळाला टेकून बसला.

"आता रे काय झालं?" आत्यानं विचारलं. "आता तर भूत नाही."

"म्हणूनच," दस्तगीर कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "आज पहिल्यांदाच दरी बघितली."

तात्पर्य: जो आपली चूक झाकतो, तो लोकांना खोट्या भीतीच्या हवाली करतो, आणि खोट्या भीतीत अडकलेल्या माणसांना खरा धोका दिसत नाही. म्हणून चूक कळली त्याच दिवशी बोलून टाकावी, मग त्यात आपलं नाव गेलं तरी चालेल.