साळिंदराचा कोयता आणि सशाचा विळा

सह्याद्रीच्या एका उतरणीवर गवत इतके उंच वाढे की त्यात शिरलेले भेकरही बाहेरून दिसत नसे. त्या गवताच्या वरच्या अंगाला एक साळिंदर बायकोमुलांसह बिळात राहत असे, आणि त्याच्या शेजारी, करवंदीच्या जाळीत, एका सशाचे कुटुंब राहत असे. शेजार जुना होता. साळिंदराने कंद उकरले की त्यातले काही जाळीकडे जात, आणि सशाला कुठे कोवळा पाला सापडला की मूठभर पाला बिळाच्या तोंडाशी येई.

त्या रानात एक रीत होती. होळीच्या आधी प्रत्येकाने आपल्या घराच्या खालच्या अंगाला गवताचा एक पट्टा कापून काढायचा, कापलेले गवत दूर नेऊन टाकायचे आणि जमीन अगदी उघडी करायची. पट्टा भेकराच्या एका उडीइतका रुंद हवा. मुलांनो, हे कशासाठी, ते सांगतो. उन्हाळ्याच्या तोंडाला गवत वाळते आणि कुठून तरी वणवा लागतो. वणव्याला पुढे खायला काही मिळाले नाही तर तो पट्ट्याच्या कडेशी येऊन विझतो. मिळाले, तर तो कोणाच्या दाराशी थांबत नाही. बिळात आग शिरत नाही हे खरे, पण धूर शिरतो, आणि साळिंदराची दोन पिल्ले अजून इतकी लहान होती की त्यांचे काटेही मऊ होते. सशाच्या जाळीला तर एक ठिणगी पुरली असती.

दोघांचा पट्टा एकच होता. ओढ्याकडचा अर्धा सशाने काढायचा आणि कातळाकडचा अर्धा साळिंदराने, असे ठरलेले होते. इतकी वर्षे दोघे हे काम दातांनीच करत. पण त्या वर्षी गवत फार माजले होते, आणि त्याच वर्षी खालच्या खिंडीत एका अस्वलाने लोहारकाम सुरू केले होते.

अस्वल घाटात मोडून पडलेल्या गाड्यांचे लोखंड गोळा करी. पिंपाच्या पातळ पत्र्याचे ते विळे घडवी, आणि मालमोटारीच्या कमानीच्या जाड पट्टीचे कोयते. विळा टोपलीभर बोरांना मिळे. कोयत्याला मात्र मध लागे आणि वाळवलेला मोह लागे, तोही भरपूर. अस्वलाचे म्हणणे असे की कमानीचे पोलाद ठोकताना आपण जेवढा घाम गाळतो, तेवढा मध तरी आपल्या पोटात जायला हवा.

साळिंदर आणि ससा बरोबरच खिंडीत गेले. हत्यार कशासाठी हवे, असे अस्वलाने विचारले. साळिंदर म्हणाला, "वणव्यासाठी." अस्वलाने मग सर्वांत जाड कोयता काढला, शेजारच्या बाभळीच्या ओंडक्यावर सपासप चार घाव घातले आणि पाते साळिंदराच्या नाकाशी धरले. धार कुठेही मुडपली नव्हती. यात अस्वलाने खोटे काहीच सांगितले नाही. साळिंदराने घरी साठवलेला सगळा मोह आणला, आणि त्यावर मधाचे पोळेही ठेवले. ते पोळे त्याच्या बायकोने पिल्लांच्या खोकल्यासाठी राखून ठेवले होते.

सशाने विळा घेतला. साळिंदर त्याच्याकडे पाहत म्हणाला, "ससोबा, समोरून वणवा येणार आणि तू हे पिंपळपान घेऊन उभा राहणार? मोठ्या संकटाला मोठं हत्यार लागतं."

"माझ्याकडे बोरंच आहेत, दादा," ससा म्हणाला. "मला तेवढंच संकट परवडतं."

घरी साळिंदरिणीने कोयता हातात घेऊन पाहिला आणि दोन्ही हातांनी खाली ठेवला. पोळ्याची रिकामी जागाही तिने पाहिली. "एवढं देऊन आणलाय, तर आता त्याच्याकडून काम करून घ्या," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पट्टा काढायला सुरुवात झाली. ससा मूठभर गवत धरी, त्याला विळ्याचा वेढा देई आणि ओढी. गवत खर्रकन हातात येई. साळिंदराने कोयता उचलला आणि पूर्ण ताकदीने फिरवला. गवत वाकले, पाते त्यावरून निघून गेले आणि गवत पुन्हा ताठ उभे राहिले. जाड पात्याला घाव घालायला काही तरी टणक लागते, आणि वाळलेल्या गवताची काडी तर फुंकरीनेही बाजूला होते. साळिंदराने आणखी जोर लावला. तासाभराने त्याचा खांदा भरून आला, आणि जमिनीवर काड्यांपेक्षा मातीची ढेकळेच जास्त पडली होती.

सशाने थोडा वेळ हे पाहिले. मग त्याला राहवेना. "दादा, गवत कापताय की विंचरताय?"

साळिंदराने काटे फुलवले. त्यावर ससा आपल्या बायकोला म्हणाला की अंगावर एवढी हत्यारे असताना माणसाला आणखी एक विकत घ्यावेसे वाटते, याला काय म्हणावे. तो हळू बोलला, पण ससा जात्याच हळू बोलण्यात कच्चा. ते शब्द पलीकडे पोहोचले.

त्यानंतर साळिंदर हट्टाला पेटला. विळा मागायचा नाही आणि दातही लावायचे नाहीत. एवढा मध मोजून आणलेले हत्यार बाजूला ठेवून दातांनी गवत तोडले असते, तर ससा उरलेला उन्हाळा हसत बसला असता. म्हणून तो रोज कोयताच घेऊन जाई आणि रोज थोडेसेच गवत काढून परत येई.

सशाचे काम मात्र भराभर पुढे सरकले, ते थेट एका खैरापर्यंत. हा खैर कधीचा वठून पडलेला होता आणि नेमका सशाच्या अर्ध्या भागात पट्ट्यावर आडवा झाला होता. त्याचे खोड खालच्या गवतात होते आणि फांद्या वर करवंदीच्या जाळीला टेकल्या होत्या. सशाने एका फांदीला विळा लावला. खैराचे लाकूड ते. विळ्याचे टोक मुडपले. दुसऱ्या फांदीला धारेत खाच पडली. सशाने विळा दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने ठोकून सरळ केला. तेवढ्यात कातळाकडून आवाज आला, "पिंपळपान वाकलं का?"

कोयता मागायचा तर विंचरण्याचा विनोद आधी गिळावा लागला असता. ससा म्हणाला, लाकूड काही चालत घरात येणार नाही. त्याने खैराच्या भोवतीचे गवत तेवढे स्वच्छ काढले आणि आपला अर्धा भाग झाला असे जाहीर केले. त्या दिवसापासून कंद जाळीकडे गेले नाहीत आणि पाला बिळाकडे आला नाही.

असेच काही दिवस गेले. मग एका सकाळी एक कोतवाल पक्षी करवंदीवर येऊन बसला. काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा. कोतवाल वणव्याच्या पुढे पुढे उडतो आणि आगीला भिऊन निघालेले नाकतोडे टिपतो. म्हणून वणव्याची खबर त्याला सर्वांच्या आधी असते. त्याने चोच फांदीला पुसली आणि सावकाश सांगितले, "पलीकडच्या डोंगरावर झकास जेवण झालं. वारा असाच राहिला तर दुपारचं जेवण तुमच्याकडेच."

साळिंदराने खाली पाहिले. डोंगराच्या खांद्यावरून धुराची एक पिवळट रेघ सरकत होती. त्याच्या भागातले निम्म्याहून जास्त गवत अजून उभे होते. तो कोयता घेऊन धावला आणि वेड्यासारखे घाव घालू लागला. इकडे सशालाही आता खैर निराळाच दिसू लागला. आगीला पट्टा ओलांडायला याहून चांगला पूल कोणी बांधून दिला नसता. त्याने एक फांदी धरली आणि सगळे वजन टाकून ओढली. फांदी हललीसुद्धा नाही.

मग तो दोघांच्या भागांच्या हद्दीपाशी आला आणि म्हणाला, "दादा, तो कोयता द्या इकडे. तुम्ही हा विळा घ्या."

 साळिंदराने कोयता दिला. सशाने तो दोन्ही पंजांत घेतला, गुडघ्यापर्यंत उचलला आणि कोयता त्याच्या हातून निसटून मातीत रुतला. साळिंदराच्या रुंद पंजात विळ्याची मूठ दिसेनाशीच झाली. त्याने एक मूठ गवत ओढले, ते मुळासकट आले आणि विळा उडून तिसरीकडे पडला. दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहिले. वाऱ्याबरोबर आता जळक्याचा वास येत होता.

साळिंदरीण पिल्लांना बिळातून बाहेर काढून कातळावर आणत होती. तिने हे पाहिले आणि तिथूनच ती म्हणाली, "हत्यारं काय बदलता? कामं बदला. भावजी, तुम्ही आमचं गवत घ्या. आणि तुम्ही त्या खैराकडे जा."

इतकी साधी गोष्ट होती. पण इतके दिवस 'माझा भाग' आणि 'तुझा भाग' यापलीकडे दोघांपैकी कोणी पाहिलेच नव्हते.

साळिंदराने खैरावर पहिला घाव घातला आणि हाताएवढी ढलपी उडाली. इतके दिवस हवेत फिरणाऱ्या कोयत्याला आज समोर टणक काही मिळाले होते. त्याच्या वजनाने घाव खोल जात होता, साळिंदराला फक्त तो उचलायचा होता. एकेक फांदी खोडापाशी तुटून पडू लागली. सशाच्या बायकोने त्या ओढून ओढ्यात टाकल्या. तिकडे ससा गवतात शिरला होता. विळ्याची खाच अडू लागली, तेव्हा त्याने पाते कातळावर घासले. पातळ पत्र्याचा तो एक गुण, कुठल्याही दगडावर त्याला धार येते. मग पुन्हा मूठ, वेढा, खर्र. साळिंदरीण त्याच्या मागून पेंढ्या उचलत होती.

फांद्या संपल्या तेव्हा खोडाच्या मधोमध साळिंदराने घाव घालून दोन तुकडे केले आणि दोन्ही तुकडे पाठ लावून उतारावर ढकलून दिले. ते गडगडत खालच्या गवतात गेले. त्यानंतर थोड्याच वेळाने तिथे आग पोहोचली आणि तिने ते तुकडे आपल्यात घेतले.

सगळे कातळावर चढून बसले. तडतड आवाज करत वणवा वर आला. ओढ्याकडे तो पट्ट्यापाशी थांबला. जिथे खैर होता तिथे तो थोडा रेंगाळला, जमीन चाटून पाहिली आणि बसला. शेवटी तो कातळाकडच्या कोपऱ्यावर आला. तिथले गवत ससा अगदी नुकताच काढून बाहेर पडला होता. ज्वाळा पट्ट्यावर वाकली, तिला काही मिळाले नाही आणि तीही खाली गेली. उतार काळा झाला होता आणि पट्ट्याच्या वर करवंदीची जाळी जशीच्या तशी हिरवी होती. साळिंदराची पिल्ले आणि सशाची पिल्ले एकमेकांना बिलगून खोकत होती. पण खोकत होती, म्हणजे श्वास घेत होती. साळिंदरिणीने सगळ्यांना सारखेच जवळ घेतले. तिच्या काट्यांमुळे कोणाला फार जवळ जाता आले नाही, एवढेच.

होळी झाल्यावर ससा विळ्याची खाच काढून घ्यायला खिंडीत निघाला. साळिंदरही कोयता घेऊन बरोबर गेला. अस्वलाने कोयता हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारले, "काय, महाग पडला की स्वस्त?"

साळिंदराने नीट विचार करून उत्तर दिले, "गवताला महाग पडला, मामा. खैराला स्वस्त."

"मग खैर काय रोज पडतो?" अस्वल म्हणाले. ते मनाने चांगले होते. कोयता परत घ्यायची त्याची तयारी होती. मोह संपला होता, पण निम्मे पोळे अजून शिल्लक होते, तेवढे परत देईन, असे त्याने सांगितले. साळिंदराला बायकोचा चेहरा आठवला आणि कोयत्याकडे गेलेला त्याचा हात मागे आला.

तेव्हा ससा मध्ये पडला. "परत करू नका, दादा. मी तुमचं गवत काढीन, तुम्ही माझी लाकडं तोडा. आपल्या पट्ट्याला हा एक कोयता पुरतो." मग तो अस्वलाकडे वळला आणि म्हणाला की कोयत्यातल्या आपल्या वाट्यापोटी तो दरवर्षी खिंडीत बोरे आणून देईल, अट एवढीच की ते निम्मे पोळे आत्ताच वहिनीकडे जावे.

अस्वलाने बराच वेळ पोळ्याकडे पाहिले, एक बोट चाटले आणि पोळे पानात बांधून दिले. घरी जाताना ससा पुढे होता आणि त्याच्या हातात मध होता. साळिंदर मागून कोयता आणि विळा दोन्ही घेऊन चालला होता, कारण त्या दोन्हींचे मिळून ओझे त्याला काहीच वाटत नव्हते.

तात्पर्य : हत्यार निवडताना संकट केवढे आहे ते पाहू नये, काम कोणत्या जातीचे आहे ते पाहावे, आणि सगळी हत्यारे एका घरात ठेवता येत नाहीत, म्हणून शेजार राखावा.