हरण्याचा विश्रांतिमंडप

विषय: मोटेच्या बैलांना परतीच्या वाटेवर ओझे न देण्याबाबत.
संदर्भ: चांद्या बैल याचा अर्ज, खुराच्या ठशासह.

उपरोक्त विषयी हकीकत अशी. एका राजाच्या बागेत खोल विहीर होती आणि तिच्यावर चांद्या आणि हरण्या हे दोन बैल मोट ओढत. विहिरीच्या काठापासून उताराची वाट होती, तिला धाव म्हणत. बैल धावेने खाली जात तेव्हा भरलेली मोट वर येई. मोटेचा दोर, म्हणजे नाडा, असा ताठ होई की मानेचे कातडे सोलून निघे. मग मोट रिकामी होई, नाडा सैल पडे आणि बैल उलट्या पावलांनी मागे सरकत काठाशी येत. विसावा काय तो एवढाच. हरण्या तरुण होता, पण त्याचा मागचा पाय अधू होता. या विसाव्यावरच तो निभावत होता.

एकदा राजा बागेत आला. बैलांची तोंडे बघून म्हणाला, "कारभारी, जनावरं फार ताणाखाली दिसतात. काहीतरी करा."

कारभारी उत्साही माणूस होता. स्वतः काही करीत नसे, पण करवून लगेच घेत असे. त्याने बैलांसाठी विश्रांतिमंडप बांधायचे ठरवले. मंडप विहिरीच्या काठाशीच हवा, म्हणजे राजाच्या नजरेस पडेल. विटा मात्र धावेच्या खालच्या टोकाला पडल्या होत्या. कारभारी धावेकडे बघत राहिला आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"नाथा," तो मोटकऱ्याला म्हणाला, "हे बैल परत येताना रिकामेच येतात की रे!"

"व्हय सरकार. तेवढाच दम खातात."

"दम मंडपात खातील. तोवर विटा वाहू देत."

परतीच्या वाटेवर बैलांच्या पाठीवर विटांच्या गोण्या चढल्या. हरण्याचा पाय लटपटू लागला.

"दादा," तो चांद्याला म्हणाला, "मागं विहीर आहे, हेच सारखं मनात येतं."

"तू पुढं बघ. मागचं मी बघतो."

चांद्याने नाथाकडून अर्ज लिहून घेतला आणि खाली खूर उमटवला. 'आम्हां दोघांस मंडप नको. परत येताना मोकळे येऊ द्यावे.'

कारभारी दुखावला. "अरे, तुमच्याचसाठी चाललंय ना हे सगळं?" त्याने अर्ज विचाराधीन ठेवला आणि दरम्यान बैलांचे मन रमावे म्हणून दोघांवर आरशांच्या झुली चढवल्या. झुली वजनदार होत्या.

"कसा दिसतो मी?" हरण्याने विचारले.

"पोळ्याच्या बैलासारखा."

"पण पोळ्याला काम नसतं ना, दादा?"

चांद्याने नाडा ओढायला सुरुवात केली.

मंडपाच्या भिंती निम्म्यावर आल्या होत्या. अशात एका सकाळी अगदी काठाशी येताना हरण्याचा पाय भाराने दुमडला. हरण्याला जुवाशी बांधणारा गळ्याचा पट्टा तुटला म्हणून चांद्या वर राहिला. हरण्या झुलीसकट विहिरीत गेला. पाण्यात बराच वेळ आरसे चकाकत होते.

कारभाऱ्याला मनापासून वाईट वाटले. त्याने मंडपाला हरण्याचे नाव द्यायचे ठरवले. नावाला शोभावा म्हणून मंडप मोठा केला, तेव्हा विटा वाढल्या. हरण्याच्या जागी नवा बैल आला. त्याला झूल तयार होती. बाहेर काढून वाळवली होती.

चांद्याचा अर्ज शेरा मारून परत आला: 'अर्जात "आम्हां दोघांस" असे नमूद आहे. पैकी एक हयात नाही. सबब दुरुस्त अर्ज सादर करावा.' चांद्याने दुरुस्त अर्जावर पुन्हा खूर उमटवला. सध्या तो परतताना मंडपाची कौले वाहतो.

अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य: हाताखालच्यांचा ताण कमी करायचा असेल, तर त्यांना काय जड जाते ते विचारावे आणि ते ओझे आधी उतरवावे. ज्याला स्वतःच्या विसाव्याचीही हमाली करावी लागते, तो त्या विसाव्यापर्यंत पोहोचत नाही.