मीठडोह

या डोहाचं पाणी आधी चाखून बघा, मग बोलू. लागतं ना किंचित खारट? वरून येणारी करंजी नदी गोड, पुढं जाणारीही गोड, मधला एवढा डोह तेवढा खारट. कॉलेजातले एक सर बाटल्या भरून घेऊन गेले होते, जमिनीत क्षार आहेत म्हणाले. असतीलही. आमच्या बोरथडीत मात्र हे मीठ कोंडाबाईचं आहे, असं सांगतात.

गोऱ्या साहेबाच्या राज्यातली गोष्ट. घोड्यांची पैदास सुधारावी म्हणून सरकारनं जिल्ह्यात ठिकठिकाणी वळू घोडे ठेवले होते. त्यातला एक उंच, पांढरा घोडा आमच्या चावडीमागं बांधलेला असे. लोक त्याला सरदार म्हणत. त्याला रोज हरभरा आणि गूळ मिळे, म्हणजे गावातल्या पुष्कळ माणसांपेक्षा तो बरा जेवायचा. पंचक्रोशीतले शेतकरी आपापल्या घोड्या घेऊन यायचे, आले की मुक्काम करायचे, आणि मुक्काम केला की कडबा, दोर, तंबाखू, गूळ घ्यायचे. बोरथडीचा बाजार त्या एका घोड्यामुळं वाढला म्हणे.

कोंडाबाई बाजारोबाजारी मीठ विकायची. नवरा गेलेला, मूलबाळ नव्हतं. मीठ वाहायला काजळी नावाची घोडी होती. ही काजळी तरणी असताना एकदा या डोहाच्या उतारावर पाण्यातच बसली. गोणीभर मीठ विरघळून गेलं. कोंडाबाईनं रागाच्या भरात तिला काठीनं झोडपलं. आयुष्यात एकदाच, पण काजळीनं ते असं मनाला लावून घेतलं की पुन्हा पाण्यात पाय म्हणून टाकला नाही. तेव्हापासून कोंडाबाई पाच मैलांचा वळसा घालून पुलावरून जाऊ लागली. कुरकुर केली नाही, कारण चूक कुणाची हे तिला ठाऊक होतं.

सरदारापासून काजळीला शिंगरू झालं, पाखऱ्या. आईमागं पुलावरून हिंडतच तो मोठा झाला. चार वर्षांचा होईतो असा देखणा निघाला की गिऱ्हाइकं मीठ घ्यायचं विसरून त्याच्याकडं बघत राहायची. कोंडाबाई वरवर चिडायची आणि आतून फुलायची.

त्या साली फौजेसाठी घोडे घ्यायला साहेब येणार होता. बोरथडीतून एकही घोडा पसंत पडला नाही, तर सरदाराला दुसऱ्या तालुक्यात हलवायचं, असा हुकूमच निघाला होता. गावाची सारी भिस्त पाखऱ्यावर. साहेबानं त्याचे दात पाहिले, खूर पाहिले, पळवून पाहिलं आणि पसंतीची मान डोलावली. जनावराचा सौदा तेव्हा उपरण्याखाली होई. दोघांनी कापडाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा, बघणाऱ्याला काही कळत नसे. कोंडाबाईच्या वतीनं रावजी पाटलांनी साहेबाच्या जमादाराशी बोटं जुळवली. पाटलांचा चेहरा उजळला.

तेवढ्यात कोंडाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “सायब, ह्यो पाण्यात पाय टाकत न्हाई.”

पाटलांचा हात म्हणे उपरण्याखालीच राहिला. साहेबानं पाखऱ्याला डोहाशी नेलं. चारी पाय रोवून तो जो उभा राहिला, तो काही केल्या हलेना. फौजेच्या घोड्याला नद्या उतराव्या लागतात. महिन्यानं परत येताना सरदाराला घेऊन जाईन, असं सांगून साहेब निघून गेला.

“गप बसली आसतीस तर काय जीभ झडली आसती?” पाटील कडाडले.

“उद्या लढाईत कुनाचा तरी ल्योक त्याच्या पाठीवर बसंल, पाटील. ऐन वक्ताला ह्यो नदीपाशी आडला तर त्यानं काय करायचं?” मग ती खाली बघून म्हणाली, “खोड त्याची न्हवं, माझी हाय. मीच काढते.”

गाव रुसलं. चार बाजार कुणी तिच्याकडून मीठ घेतलं नाही. तेच न खपलेलं मीठ डोक्यावर घेऊन ती रोज सकाळी या डोहात उतरायची, काजळी जिथं बसली होती तिथं बसायची, आणि पाटी पाण्यात सोडायची. मीठ विरघळेपर्यंत काजळीशी बोलत राहायची. मायलेकरं काठावरून बघत. सरदाराचा मोतद्दार लतीफ घोड्याला पाणी पाजायला यायचा, त्यानं हे पाहिलं. ती घोडीची माफी मागतेय, असं त्यानंच गावात सांगितलं. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी काजळी हळूच पाण्यात आली, आणि तिच्यामागं पाखऱ्या.

महिन्यानं साहेब आला, तेव्हा चावडीमागं सरदाराचं सामान बांधून तयार होतं. साहेबानं उतारावरून पाहिलं, तर पाखऱ्या छातीभर पाण्यात उभा. भाव आधीचाच ठरला. या वेळी जमादारानं आपणहून विचारलं, “बाई, आता काय खोड?”

“आता येकच. मी दिसले न्हाई तर जेवत न्हाई.”

जमादारानं ते साहेबाला सांगितलं. साहेब हसला, मग तिच्या तोंडाकडं बघून त्यानं पाखऱ्याचा लगाम तिच्याच हाती ठेवला. कोंडाबाईनं पाखऱ्याला स्वतः नदीपार नेलं, तळहातावर मीठ घेऊन चाटवलं, आणि उरलेली पुरचुंडी जमादाराला दिली. “आसं हातावर धरा. खाईल.” मग ती आली तशी पाण्यातून परत आली. सरदार गावातच राहिला, आणि पुढच्या साली काजळीला पुन्हा शिंगरू झालं, असं सांगतात.

आता या काठावरच्या बाजारात घोडे येत नाहीत. शेळ्या येतात, बैल येतात, जुन्या मोटारसायकलीही येतात. भाव आजही उपरण्याखाली ठरतो, पण खोड चारचौघांत मोठ्यानं सांगावी लागते आणि घेणाऱ्याच्या हातावर मूठभर मीठ ठेवावं लागतं. ते बघा, तो गाडीवाला सांगतोय, थंडीत दोन किका जास्त माराव्या लागतात. आणि ज्या जनावरात काहीच खोड नसते, त्याचा धनी आजही कोंडाबाईचंच वाक्य म्हणतो, मी दिसलो नाही तर जेवत नाही. ते ऐकल्यावर बोरथडीच्या बाजारात पुढं कुणी घासाघीस करत नाही.