मागून आणलेला अडुळसा

एका राज्यात राजवाड्याच्या परसाला दारच नव्हते. राजमाता स्वतः वाफे खुरपायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रोपे वाटायची. कुणाला आल्याचा कोंब, कुणाला गवती चहाचा फुटवा, कुणाला अडुळशाची फांदी. काय दिवस होते ते! अख्खी नगरी खोकली तरी राजवैद्य खुशाल लोळत पडे.

राजमाता गेली, सारे तिचा मुलगा राजा मकरंदसेन याच्या हाती आले. आईची बाग कुणी ओरबाडू नये म्हणून त्याने उंच भिंत घातली, लोखंडी दार लावले, पहारा बसवला. त्या साली दुष्काळ पडला, दारोदारचा अडुळसा वाळला, हिरवा राहिला तो फक्त राजाचा. धूम्रकेश मांत्रिक आपल्या आजारी आईसाठी चार पाने मागायला आला. राजाने त्याला हाकलून दिले. म्हातारी दोन दिवसांत गेली. धूम्रकेश भिंतीपाशी आला आणि म्हणाला, "पाने राहतील, गुण जाईल."

तसेच झाले. पाच वर्षांनी राजकन्या केतकी खोकू लागली, तिला धड श्वास घेववेना. वैद्याने टोपलीभर पाने उकळली, पण काढा नुसते कढत पाणी. राजाला आठवले, लहानपणी याच काढ्याने आपण बरे झालो होतो, आई उशाशी बसून होती. त्याला रडू आवरेना.

तेव्हा भिंतीवरचा भारद्वाज पक्षी बोलला, "राजा, तुझ्या आईने वाटलेल्या रोपांना शाप नाही. तीन दारची पाने आण. हुकमाने घेतलीस तर हातातच वाळतील."

राजा अनवाणी निघाला. परटिणीने गवती चहा दिला, वर राजमातेच्या चार आठवणीही ऐकवल्या. कुंभाराने मडके पुरे होईतो त्याला उंबऱ्यावर बसवून ठेवले, मग ओव्याची पाने खुडून दिली. राहिला अडुळसा. वाळलेल्या खोडाला पुन्हा पालवी फुटली होती ती एकाच अंगणात, धूम्रकेशाच्या.

राजाने हात पुढे केला.

"महाराज, मीही असाच आपल्या दारी उभा होतो," धूम्रकेश म्हणाला.

"होय. तुमची आई माझ्यामुळे गेली. नाही म्हणालात तरी मी रोष धरणार नाही. पण माझी मुलगी गुदमरते आहे."

धूम्रकेश झाडापाशी गेला आणि पाने खुडू लागला. मग म्हणाला, "फांदी देताना राजमातेने माझ्या आईला बजावले होते, मागेल त्याला नाही म्हणू नकोस. आपल्यासाठी नाही, त्या दोघींसाठी देतो."

केतकी तो काढा प्यायली आणि तिची छाती मोकळी झाली. त्याच घटकेला परसातल्या पानापानाला पुन्हा औषधी वास आला. राजाने पहार घेऊन लोखंडी दार स्वतः उखडले आणि धूम्रकेशाला मानाने बोलावून आणले.

केतकीने विचारले, "बाबा, आजी कशी होती?"

पाच वर्षे राजाने आईची बाग राखली होती, पण आईचे नाव काही ओठांवर आणले नव्हते. आता तो सांगू लागला. मध्येच धूम्रकेशही आपल्या आईचे सांगू लागला. वाफ्याच्या कडेला बसून ते दोन पोरके मुलगे दिवस मावळेपर्यंत बोलत होते, आणि केतकी ऐकत होती.