चुलीवरची लाल बोटं

पाथरटेकला कुणाच्याही घरात शिरा, आधी चुलीकडे बघा. चुलीच्या खांद्यावर पाच लाल बोटं उठलेली दिसतील. कावेची, म्हणजे गेरूच्या लाल मातीची बोटं आहेत ती. पाव्हणे येतात, फोटो काढतात, 'काय सुंदर डिझाइन' म्हणतात. डिझाइन कसलं डोंबलाचं! ती लाजेची खूण आहे. ज्यांच्याकडे गॅस आला त्यांनी ओट्यावर उठवलीत, आणि वरच्या आळीतल्या एका सुनेने तर थेट सिलिंडरवर. गाडीवाला रिकामं सिलिंडर नेताना पुसत बसतो आणि आख्ख्या वाडीच्या नावाने बोटं मोडतो.

ही बोटं कुणाची, ते असं सांगतात.

तेव्हा काडेपेटी नव्हती. पाऊस असा कोसळायचा, की माणसाच्या पाठीवर शेवाळ यायचं तेवढं बाकी. पावसाळाभर ओल खाऊन चुलींना भेगा पडायच्या, खांदे ढासळायचे. म्हणून दिवाळीच्या तोंडावर, थंडी अंगात शिरायच्या आत, सगळी वाडी जुन्या चुली मोडून नव्या घालायची. लाल माती, शेण, भाताचं तूस. वरून कावेचा पट्टा. हे सगळं काम बायकांचं. पुरुष नुसते मधे मधे करायचे.

आता चूल ओली असताना जाळ कसा घालणार? म्हणून तेवढे दिवस वाडीचा विस्तव एकाच घरी राहायचा, टोकाच्या बायजाईकडे. बायजाईला मूल ना बाळ, नवरा कधीच गेलेला. घरोघरून आलेल्या गोवऱ्यांतली एक राखेखाली धुमसत ठेवायची ती, तान्ह्या पोराला पांघरूण घालावं तशी. धनत्रयोदशीला दुपार कलली, की नवी लुगडी नेसून बायका खापरं घेऊन तिच्या दारात यायच्या. ती राख बाजूला सारून विस्तव वाटायची. त्याच्यावर घरोघर पहिली पणती लागायची, मग चूल, आणि ती चूल थंडीभर विझू द्यायची नाही. असा नेम होता म्हणे.

त्याच वाडीत धाकू नावाचा एक बाप्या होता. लग्न झालेला, मिशा फुटलेला, पण खोड्या काही सुटलेल्या नव्हत्या. देवळात भगत घुमायला लागला, की मागून त्याच्या सदऱ्यात खाजकुयली टाकायचा. मग देव कधी नव्हे इतका जोरात अंगात यायचा. सासऱ्याच्या तपकिरीत मिरचीची पूड कालवली, तेव्हापासून सासरा उंबऱ्याला शिवला नव्हता. लोक शिव्या घालायचे आणि हसायचेसुद्धा. ते हसणंच धाकूला चढायचं.

त्या वर्षी धनत्रयोदशीच्या सकाळी बायजाई झऱ्यावर गेली, आणि धाकू तिच्या घरात शिरला. राखेतली धुमसती गोवरी चिमट्याने उचलून त्याने एका मडक्यात घातली. एक गोल दगड घेतला, बायकोची काव फासून लालबुंद केला आणि गोवरीच्या जागी पुरला. वर राख नीट पसरली. बेत साधा होता. म्हातारी राख सारणार, दगड निघणार, बायका किंचाळणार, हा पोट धरून हसणार. मग मागच्या अंगणात लपवलेला खरा विस्तव आणून मिरवणार. धूर दिसला तर बिंग फुटेल, म्हणून त्याने मडक्यावर झाकण बसवलं आणि कडेने ओलं शेण लिंपलं. एकदम गच्च.

निखाऱ्याला वारा लागतो, हे पाथरटेकच्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. धाकूलाही होतं. पण खोडी डोक्यात भरली, की बाकीचं सगळं बाहेर सांडतं.

दुपारी बायका जमल्या. घरोघर पणत्या तेल घालून ओळीने मांडलेल्या, पोरं उड्या मारत होती. बायजाईने राख सारली, खाली चिमटा घातला, आणि दगड वर आला.

"आगं बया, ह्यो तर दगूड!"

धाकू हसायला लागला. एकटाच. त्याला वाटलं, आता बाकीचे हसतील. पण बायकांच्या मनात भलतंच आलं.

"इस्तू इझला म्हणून दगूड पुरला व्हय गं बायजे?"

"आमच्या गोवऱ्या गोड लागत्यात, आन राखायची येळ आली की डोळा लागतो!"

"वर काव फासली! आमाला काय आंधळं समजलीस?"

धाकू मागच्या अंगणात पळाला. शेण खरवडून झाकण काढलं. आत काळी गोवरी. त्याने फुंकलं. परत फुंकलं, पार डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत फुंकलं. धुराची रेघसुद्धा उठली नाही. पुढे पुरुष चकमकी झाडत होते, पण कापूस पावसाने सादळलेला, ठिणगी धरेचना.

तेव्हाच बोलला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पुढे येऊन त्याने तोंड उघडलंही होतं म्हणतात. पण समोर सगळी वाडी संतापलेली, आणि त्या सगळ्या डोळ्यांत एक जोडी त्याच्या बायकोची, गजराची. तोंड मिटलं ते मिटलं.

बायजाई दगड हातात धरून बसली होती. तिने बायकांच्या हातांकडे बघितलं. सगळ्यांच्या बोटांना काव, त्यात नवल नव्हतं. मग पुरुषांच्या हातांकडे बघितलं. तिची नजर धाकूपाशी आली तशी त्याने हात पाठीमागे नेले. तिने नजर काढून घेतली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "तळवड्याला जाते, इस्तू आणते."

तळवडं म्हणजे घाटाच्या तळाशी. त्या उतरणीला तरण्या माणसाचे गुडघे वाजतात. गजरा म्हणाली, "आवं, येवढी म्हातारी बाय येकटी घाट उतरायची व्हय? जा की कुनीतरी!"

"तिनं घालवला, तिलाच आणू दे," एक कारभारी बोलला. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि सांगायला लाज वाटते, पण त्यात सगळ्यात आधी हलली ती धाकूची मान.

त्या रात्री पाथरटेकला एकही दिवा नव्हता. पोरं थंडीने एकमेकांना चिकटून झोपली, तान्ह्यांना शेकायला विस्तव नाही. खाली तळवडं दिव्यांनी भरलेलं दिसत होतं, ते बघवेना म्हणून लोकांनी दारं लावून घेतली. धाकूने राखेने बोटं घासली, वाळूने घासली. कातडी सोलली, पण नखांतली काव जाईना. गजराने बघितलं. ती कुशीवर वळली.

उजाडताच तो घाट उतरायला लागला. निम्म्या वाटेवर मोठ्या पाथरापाशी बायजाई बसलेली होती. पाय सुजून भोपळे झालेले, ओठ निळे. अंगावरची घोंगडी काढून तिने मडक्याभोवती गुंडाळली होती, वरून पदराचा आडोसा. आत निखारा लाल होता.

धाकू समोर उभा राहिला. वाटभर घोकलेलं सगळं विसरला.

"आय, त्यो दगूड..."

"कळलंय मला. तुझ्या बोटांना काव हाय. बाप्याच्या बोटाला काव कशाला आसंल?"

"मग काल बोलली का न्हाईस? त्यांनी तुला नाय नाय ते..."

"तू बोलशील म्हणून वाट बघत हुते," ती म्हणाली. "जरा लांबलंच म्हणायचं."

तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मडकं डोक्यात घातलं असतं तरी चाललं असतं. ती नुसती पाय चोळत बसली, आणि धाकूला कळेना आपण कुठे बघावं.

त्याने तिला पाठुंगळी घेतलं. मडकं तिने त्याच्या तोंडासमोर धरलं. चढणभर धूर त्याच्या डोळ्यांत जात होता. डोळ्यांतलं पाणी धुराचं होतं, असं तो पुढे जन्मभर सांगायचा. कुणी मानलं नाही.

वर वाडी वाट बघत होती. पहिल्या दारात बाईने खापर पुढे केलं. बायजाईने मडकं मागे ओढलं आणि धाकूच्या कानात एवढंच म्हणाली, "सांग."

त्याने लाल बोटं पुढे केली आणि सांगितलं.

त्याला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दारात पुन्हा "सांग." तिसऱ्या दारात पुन्हा. पाठीवरचं ओझं उतरत नव्हतं, आणि मडकं सांगितल्याशिवाय पुढे होत नव्हतं. त्याचं स्वतःचं घर शेवटी आलं. गजरा दारात उभी. तिथे त्याने नुसतीच बोटं पुढे केली. तिने ती बराच वेळ बघितली आणि मग खापर धरलं. तोवर मागून एकेक बाई यायला लागली होती. "बायजे, म्या पन लई बोलले गं." तो कारभारी सगळ्यांच्या मागे, मुंडासं हातात घेऊन.

बायजाईचे पाय पुन्हा धड झाले नाहीत. तिची चूल त्या वर्षी धाकूने घातली. बाप्याने घातलेली चूल, वाकडीच झाली. ओल्या खांद्यावर त्याच्या कावेच्या बोटांचे ठसे उठले. तो पुसायला गेला तर बायजाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुसलंस की इसरशील."

थंडीभर तिच्या चुलीत जाळ धाकूनेच घातला. खोड्या सुटल्या का? छे. पण चुलीत हात घालून खोडी मात्र त्याने पुन्हा केली नाही. पुढल्या पावसात बायजाई गेली. दिवाळीला बाकीच्या चुली मोडल्या, तिची मोडायला कुणाचा हात उठेना. मग धाकूनेच मोडली, आणि ती माती घरोघरच्या नव्या चुलींत थोडी थोडी गेली. त्या वर्षी सगळ्यांनीच बोटं उठवली.

आजही धनत्रयोदशीला पाथरटेकला चुली सारवून होतात, पत्र्यांवर लाइटिंगच्या माळा चढतात, पण बटण कुणी दाबत नाही. आधी कावेत बोटं बुडवायची, शेजाऱ्याच्या चुलीपाशी जायचं आणि वर्षभराचं काय असेल ते सांगायचं. "तुमची कोंबडी कोल्ह्याने नाही, आम्हीच खाल्ली." "पोरीच्या सोयरिकीत मीच काडी घातली." मग बोटं चुलीवर उठवायची. शेवटच्या घराचं सांगून होईपर्यंत सगळी वाडी काळोखात बसते, पोरं कितीही रडली तरी.

खाली तळवड्यात दिवे कधीच लागलेले असतात. तिथली माणसं अंगणात येऊन वर डोंगराकडे बघतात. पाथरटेक अजून काळं दिसलं, की एकमेकांना म्हणतात, "थांबा जरा. कुणाच्या तरी घशात अडकलंय."