अकरा हजार दोनशे सात रक्तदाते

एकदा एक वृद्ध संगणकतज्ज्ञ आपल्या शिष्येला डेटाबेसच्या स्थलांतराची विद्या शिकवत होते. काम जोखमीचे होते. दुर्मीळ रक्तगटाच्या दात्यांची सूची जुन्या क्लाउड खात्यातून संस्थेच्या नव्या खात्यात न्यायची होती. कुठेही असे रक्त लागले, की रक्तपेढी या सूचीत नाव शोधायची आणि दात्याला फोन लावायची. शिष्या ऋजुता हुशार होती, आणि तेवढीच उतावळी. असे काम तिच्यावर प्रथमच सोपवले होते, त्यामुळे तिचा आनंद गगनात मावत नव्हता.

सकाळी नऊला तिने नक्कल सुरू केली. आपली माहिती बदलण्यासाठी जुनी सूची दात्यांना नेहमीप्रमाणे खुलीच होती. नक्कल निम्म्यावर आली असताना शेजारी बसलेल्या गुरूंनी मोबाईल काढला, त्या जुन्या सूचीत दाता म्हणून नोंदलेले स्वतःचे नाव शोधले आणि बंद पडलेल्या नंबरऐवजी आपला नवा नंबर भरून टाकला. सरांना नेमकी हीच वेळ मिळाली का, असे ऋजुताच्या मनात आले.

साडेअकराला ती खुर्चीतून उडालीच.

"सर, झालं! तिकडे अकरा हजार दोनशे सात, इकडेही अकरा हजार दोनशे सात! एक माणूस कमी नाही!" पेढे तर तिने आधीच मागवून ठेवले होते. "आता जुनं खातं बंद करू?"

"करू की," गुरू म्हणाले. "त्याआधी मला एक फोन लाव. समज, ऑपरेशनच्या टेबलावर कुणीतरी आहे आणि त्याला माझंच रक्त हवंय. नंबर मात्र नव्या सूचीतून घे हं."

तिने हसत हसत नंबर लावला. गुरूंचा मोबाईल समोर निपचित पडून राहिला. कानात एक बाई सांगू लागली, की हा नंबर अस्तित्वात नाही. ऋजुताने घाईघाईने तोच नंबर पुन्हा लावला; पुन्हा तीच बाई.

"अगं, घाबरू नकोस," गुरू म्हणाले. "माझ्या नावाची नक्कल आधीच होऊन गेली होती. नंतर मी नंबर बदलला, तो जुन्या खात्यातच राहिला. तू माणसं मोजलीस, ती जुळणारच. आत काय लिहिलंय, ते कुठे ताडून पाहिलंस? आपण सामान हलवतोय म्हणून जग थांबत नाही. म्हणून शेवटी थोडा वेळ तरी जुन्या ठिकाणी लिहिणं थांबवायचं. नाव शोधणं चालू राहू दे, रुग्णाचा खोळंबा नको. बदल तेवढे बंद. मधल्या वेळातले बदल उचलून आणायचे, ओळ न् ओळ ताडायची, आणि मगच नवं खातं खुलं करायचं."

ऋजुताने पेढ्यांचा पुडा बाजूला सारला आणि जुन्या सूचीतले बदल थांबवले. वीस मिनिटांत ताडणी झाली. पडद्यावर फरक उमटले, तशी ती पुन्हा ताडकन उठली.

"सर, तुम्ही एकच नंबर बदलला होता ना? इथे चार आहेत!"

"मग बाकीचे तिघे कोण, ते पाहा."

चारही बदल तिने नव्या खात्यात आणले, सगळे पुन्हा ताडले, आणि त्या तिघांपैकी एकीला नव्या सूचीतून फोन लावला. दुसऱ्याच रिंगला कुणीतरी उचलला.

"हो, सकाळीच नवा नंबर भरलाय मी," पलीकडची बाई म्हणाली. "माझं रक्त फार कमी जणांचं असतं म्हणे. म्हटलं, कळवून टाकावं. पोचला ना तुमच्याकडे?"

"पोचला, ताई," ऋजुता म्हणाली.