दाराकडे पाठ

त्या टेकडीवर जमीन कोणाचीच नव्हती. बिळे मात्र सगळी एकाच घोरपडीची होती. तिने ती कधी खणली हे कोणी पाहिले नव्हते. पण माथ्यावरच्या सपाट दगडावर ती रोज ऊन खात पडलेली असे, आणि जो सर्वांत वर पडून राहतो तोच मालक, अशी तिथल्या प्राण्यांची समजूत होती. समजूत फार जुनी असल्यामुळे तिला पुरावा लागत नसे.

भाडे दर पौर्णिमेच्या सकाळी द्यायचे, आणि तेही अंगावरचे. सशाने लव द्यायची, तित्तिराने पिसे, सायाळीने काटे. लव आणि पिसे घोरपड स्वतःच्या बिळात अंथरी. काटे मात्र ती टेकडीवरच्या प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मातीत गोल रोवून टाकी. हे कुंपण भाडेकरूंच्याच सुरक्षेसाठी आहे, असे ती सांगे. खाली माळावर तरस फिरत असे, तेव्हा यावर कोणी वाद घालत नसे.

टेकडीच्या उत्तर अंगाला एक सायाळ राहत होती. ती राहायला आली तेव्हा पौर्णिमेला एक काटा पडत असे. मग दोन झाले, मग तीन, आणि आता चार. काटे पुन्हा उगवतात हे खरे. पण घोरपडीच्या पौर्णिमा त्यांच्या आधी उगवत. सायाळीची पाठ आता जागोजागी उघडी दिसू लागली होती. बिळाचे म्हणाल तर मागच्या कोपऱ्यात छत ठिबकत होते आणि भिंतीला पोपडे धरले होते. पहिल्या पावसाळ्यात तिने तक्रार केली, तेव्हा घोरपड म्हणाली की पाऊस सरू दे, मग आत येऊन बघते. पाऊस सरल्यावर म्हणाली, आता तर कोरडेच आहे की. हा तिसरा पावसाळा होता आणि घोरपडीने अजून आत पाऊल टाकले नव्हते.

तिचे बोलणे मात्र साखरेत घोळलेले असे. सायाळीला भाडेकरू म्हणून नाही, लेक म्हणून ठेवले आहे, हे ती चारचौघांत ऐकवी. दुसऱ्या टेकडीवर सहा काटे घेतात, हेही ती ऐकवी. दुसरी टेकडी कोणी पाहिली नव्हती.

सायाळींची एक रीत आहे. इतर प्राण्यांत पाठ दाखवणे म्हणजे भित्रेपणा. सायाळींत तोच पराक्रम. शत्रू आला की तोंड फिरवायचे आणि पाठीचे काटे त्याच्यापुढे करायचे. म्हणून सायाळ बिळात डोके पुढे करून शिरते, दाराकडे पाठ करून निजते आणि निघतानाही मागच्या मागे बाहेर पडते. हिची आई अशीच निजली, आजीही अशीच. दाराकडे तोंड करून झोपणे त्यांच्या कुळात बावळटपणाचे समजत.

हल्ली बाहेर पडताना तिच्या पाठीला ओरखडे येत, आणि दर वेळी एखाददुसरा काटा निखळून दाराशीच राही. सकाळी घोरपड तो वेचून नेई आणि भाड्यात धरत नसे. माती ढासळून दार अरुंद झाले असावे, असे सायाळीला वाटले, आणि तसे तिने सांगितलेही. घोरपडीने तिला आपादमस्तक न्याहाळले. दार आहे तेवढेच आहे, तूच जरा सुटली आहेस, असे ती मायेने म्हणाली. सायाळीने त्यानंतर आठ दिवस कंद कमी खाल्ले.

पण पोट वाढतच गेले, कारण त्यात पिल्लू होते.

शेजारच्या बिळात भुरा नावाचा म्हातारा ससा राहत असे. नाव भुरा असले तरी भुरे म्हणण्याजोगे त्याच्या अंगावर फारसे उरले नव्हते. सायाळीने आपल्या मनातले त्याला सांगितले. माळ ओलांडला की करवंदीच्या जाळ्यांचा उतार लागतो. तिथे मालक नाही, मात्र आयते बीळही नाही. भुऱ्याने कान पाडले. गेल्या वर्षीच्या तित्तिराची त्याने आठवण करून दिली. बीळ सोडणाऱ्याने अंगावर उरलेले सगळे दारात ठेवून जायचे, हा टेकडीचा नियम होता. तित्तिराने शेवटची पिसे ठेवली आणि तो चालत निघाला. त्याची हाडे माळावर अजून होती.

"इथलं गळणं निदान ओळखीचं तरी आहे," भुरा म्हणाला.

सायाळ परत येऊन पडली, पण तिला झोप लागेना. माळ ओलांडायचा तर तरसापुढे उभे राहण्याइतके काटे हवेत. आणि तेवढे काटे होते तेव्हा जायची गरज वाटली नव्हती. आज जाणे धोक्याचे होते आणि पुढच्या पौर्णिमेनंतर ते आणखी धोक्याचे होणार होते. हे तिला स्वच्छ कळत होते. तरीही ती पडून राहिली, कारण बीळ कसेही असले तरी त्यात तिच्या अंगाचा खळगा पडला होता.

पौर्णिमेला घोरपड चार काटे घेऊन गेली. जाताना तिने जीभ बाहेर काढून हवा चाखली आणि ती थबकली.

"दोन जीवांची झालीस की गं," ती म्हणाली. "गोड बातमी. जन्मल्यावर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपासून त्याचेही धरू. कोवळे असतील, म्हणून दोनच."

सायाळीने मान डोलावली. आत गेल्यावर मात्र ती पोटाभोवती अंग आवळून बसली. स्वतःचे काटे देताना तिला इतकी वर्षे वाईट वाटले होते, पण अशी भीती कधी वाटली नव्हती.

त्या दिवशी मागच्या कोपऱ्यात पाणी साचले होते. कुळाच्या रीतीने निजावे तर पोट पाण्यात जाई. तेव्हा पिल्लासाठी म्हणून तिने बावळटपणा केला: ती वळली आणि दाराकडे तोंड करून पडली. ऊन तिरपे आत येत होते. त्या उजेडात तिने आपल्या घराचे दार आतून पहिल्यांदा पाहिले.

कुंपणाच्या काट्यांची टोके बाहेर तरसाकडे नव्हती. ती सगळी आत, तिच्याकडे वळवलेली होती. आत शिरणाऱ्याच्या अंगावरून ती अलगद सरकत, निघणाऱ्याला धरत. एकेक काटा तिने ओळखला. अर्धा पांढरा तो उजव्या कुशीचा होता, वाकडा तो मानेजवळचा. दोनचार काट्यांच्या टोकांना तिचेच रक्त वाळून बसले होते.

ती काटे सोशीत नेहमीसारखी मागच्या मागे निघून भुऱ्याकडे गेली, तेव्हा त्याने नजर चुकवली.

"मला ठाऊक होतं. मी पुढून निघतो ना, रोज दिसतं," तो म्हणाला. "वाटलं, तुलाही ठाऊक असेल. सगळे तसेच राहतात."

सायाळ त्याच्यावर रागावली नाही. रागवायला वेळ नव्हता. पुढचे दार काटे धरून ठेवी आणि घोरपडीच्या नजरेखाली होते, तेव्हा ती मागच्या भिंतीकडे वळली. इथे आल्यापासून बीळ न खणल्यामुळे तिची नखे वाढून वळली होती. खाली कडक मुरूम होता, पण ठिबकत्या कोपऱ्यात तीन पावसाळ्यांचे पाणी मुरले होते, आणि तिथली भिंत पंजा लावताच सुटू लागली. जे गळते बंद करा म्हणून ती पहिल्या पावसाळ्यापासून विनवत होती, त्याच गळत्याने तिला वाट करून दिली.

ऐन दुपारी, घोरपड उन्हाने सुस्तावली की ती खणे. घोरपडीचा दगड बरोबर डोक्यावर होता. भुरा बाहेर बसून राही, आणि घोरपडीने मान उचलली की मागचा पाय एकदा आपटे. त्याने हे आपणहून सुरू केले होते. पाय वाजला की सायाळ श्वास धरून थांबे. छतावर शेपूट घासल्याचा आवाज येई, मग तो शांत होई, मग ती पुन्हा पंजा चालवी. उकरलेली माती ती मागे लोटत होती, आणि तिच्यामागे घर बुजत होते.

तिसऱ्या दुपारी पाय वाजला आणि लगेच दाराशी आवाज आला.

"आत काय चाललंय गं?"

सायाळीने पंजा थांबवला. "गळतंय," ती म्हणाली. "माती सावरतेय."

"सावर, सावर. आपलंच घर समज," घोरपड म्हणाली. "पाऊस सरला की मी येऊन बघतेच."

उन्हे कलताना सायाळ टेकडीच्या दुसऱ्या अंगाला बाहेर पडली. पहिल्यांदाच ती डोके पुढे करून निघाली होती, त्यामुळे समोरचा माळ तिला नीट दिसला. तो तिला वाटला होता त्याहून रुंद होता. ती निम्म्यावर पोचली तेव्हा गवत हलले आणि तरस उभे राहिले.

पळण्यात अर्थ नव्हता. ती वळली, तिने पाठ केली आणि उरलेले काटे उभारले. ते किती विरळ आहेत हे तरसाला दिसत होते. ते एक पाऊल पुढे आले. तेव्हा सायाळीने शेपटी हलवली. शेपटीचे काटे आखूड, बोथट आणि पोकळ असतात. कुंपणाला निरुपयोगी म्हणून घोरपडीने ते कधी मागितलेच नव्हते. ते सगळेच्या सगळे जागेवर होते, आणि ते खडखडले. तरसाने पूर्वी कधीतरी हा आवाज ऐकला असावा आणि त्यानंतरचे काही त्याच्या लक्षात असावे. ते बराच वेळ उभे राहिले. ती खडखडाट करीत मागे मागे त्याच्याच दिशेने सरकू लागली. शेवटी तरसाने जांभई दिल्यासारखे केले आणि ते दुसरीकडे बघत निघून गेले.

करवंदीच्या उतारावरची जमीन टणक निघाली. बीळ जेमतेम तिच्यापुरते झाले, आणि त्यात पिल्लू जन्मले.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भुरा आला. त्याच्या पाठीवर लव नव्याने धरू लागली होती. तो आधी पोटभर पाणी प्यायला, मग सांगू लागला. भाड्याला घोरपड आली आणि तिने हाका मारल्या. उत्तर येईना, तेव्हा तिने पहिल्यांदाच मान बिळात घातली. मान अलगद आत गेली, खांदेही गेले. पुढे मातीचा ढिगारा होता, आणि मागे सरावे तर काटे धरत होते. छतातले पाणी बरोबर तिच्या कपाळावर ठिबकत होते. तिने भुऱ्याला हाक मारली आणि दाराचे तेवढे काहीतरी कर, म्हणून गोड शब्दांत सांगितले.

"मग तू काय म्हणालास?" सायाळीने विचारले.

"म्हटलं, बघतो. पाऊस सरू दे."

सायाळीचे पिल्लू पेंगुळले होते. ते डोके पुढे करून बिळात शिरले आणि, कोणी शिकवले नसतानाही, दाराकडे पाठ करून पडले. सायाळ आत गेली. त्याचे कोवळे काटे जपत तिने त्याला हलकेच उचलले, वळवले आणि उजेडाकडे तोंड करून निजवले.